निंबाळकरांच्या वाटेने : बीड ते करमाळा

बीडच्या जुन्या वस्तीतून पूर्वेकडे मान वर केली की टेकडीवर दोन दीपमाळा दिसतात. अष्टकोनी, दगडी, सुमारे सत्तर फूट उंच आणि एकीला झाकावं नि दुसरीला काढावं इतक्या सारख्या. खाली बिंदुसरेच्या काठचं शहर, त्यातल्या मशिदी, वेशी, बाजार, आणि वर हे खंडोबाचं देऊळ. बीडकराला गावाचं चित्र काढायला सांगितलं तर तो बहुधा आधी या दीपमाळाच काढेल. शहराची ओळख म्हणून त्या वर्षानुवर्षं छापल्या जातात, पण त्या उभ्या करणाऱ्याचं नाव मात्र त्यांच्याइतकं उंच राहिलं नाही. त्या नावाचा माग काढत बीडहून बालाघाटावर, तिथून खर्ड्याला आणि पुढे करमाळ्याला जायचं, असं ठरवून निघालो.

टेकडीवर भंडाऱ्याच्या पुड्या मांडून बसलेल्या बाईंना विचारलं, "मावशी, हे देऊळ कुणी बांधलं?" पुडी बांधता बांधता त्या म्हणाल्या, "निंबाळकरानं म्हणतेत. कुणी म्हणतंय शिंद्यानं. तुमी दर्शन तर घ्या आधी."

मावशींनी दोन वाक्यांत जे सांगितलं तेच बीडचा लिखित इतिहासही सांगतो. एक परंपरा हे काम निजामाचे जहागीरदार सुलतानजी निंबाळकर यांच्या नावे लावते, दुसरी महादजी शिंद्यांच्या. महादजींचं नाव इथे उगाच आलेलं नाही. त्यांचे गुरू सूफी संत मन्सूरशहा बीडचे, आणि त्यांचा दर्गा आजही याच शहरात आहे. पण बीडला जहागीर होती ती निंबाळकरांची. टेकडीवरून आसपासचा मुलूख पाहिला की मला तरी पहिल्या परंपरेकडे कल द्यावासा वाटतो. ज्याची सत्ता त्या मुलखावर असते, तोच अशी जागा निवडतो. इथे पेटवलेली दीपमाळ सगळ्या गावाला दिसते.

दीपमाळांच्या जवळ गेलं की त्यांच्यावर कोरलेल्या माणसांच्या आणि जनावरांच्या आकृती दिसू लागतात. बऱ्याच झिजलेल्या, काही फोडलेल्या. एका जागी नुसतं धड उरलंय, दुसरीकडे जनावराचे पाय आहेत आणि वरचं अंग गेलंय. दिवे ठेवायचे दगडी हात मात्र वरपर्यंत रांगेने निघालेले आहेत. मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाच्या देवळांत येळकोटाचा गजर होतो, भंडारा उधळला जातो, तेव्हा अशा दीपमाळांचं खरं काम समजतं. आम्ही गेलो तेव्हा दसरा नुकताच झाला होता आणि टेकडीवर वाऱ्याशिवाय फारसं कुणी नव्हतं.

सुलतानजी निंबाळकर हे नाव शाळेच्या पुस्तकात क्वचितच येतं. निंबाळकर म्हटलं की मराठी माणसाला आठवतं ते फलटण. आणि फलटण म्हटलं की सईबाई. म्हणून बीडच्या टेकडीवर उभं राहून आधी फलटणचीच गोष्ट सांगायला हवी.

हे घराणं मूळचं पवार. माळव्यातल्या धारच्या परमारांशी ते आपलं नातं सांगतं. फलटणजवळच्या निंबळक गावावरून निंबाळकर झाले आणि 'नाईक' ही पदवी नावाआधी कायमची बसली. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या मराठा घराण्यांत त्यांची गणना होते. भोसल्यांचा उदय व्हायच्या कितीतरी आधीपासून त्यांच्याकडे फलटणची देशमुखी होती. 'राव वणंगपाळ, बारा वजिरांचा काळ' ही म्हण ज्यांच्यावरून पडली, ते वणंगपाळ याच घरचे. त्यांची बहीण दीपाबाई वेरूळच्या मालोजी भोसल्यांना दिली होती. शहाजीराजे त्यांचे पुत्र. पुढे मुधोजी निंबाळकरांची मुलगी सईबाई १६४० मध्ये पुण्यात शिवाजी महाराजांची राणी झाली. संभाजी महाराज तिच्या पोटचे. १६५९ च्या सप्टेंबरात, प्रतापगडच्या प्रसंगाच्या दोनच महिने आधी, राजगडावर तिचं निधन झालं.

सईबाईंचे भाऊ बजाजी निंबाळकर यांची हकिगत तर एखाद्या कादंबरीला पुरेल. ते विजापूरच्या चाकरीत होते. आदिलशाहीत त्यांना धर्म बदलावा लागला, नंतर जिजाबाईंनी त्यांना परत हिंदू धर्मात घेतलं. घेतलं ते नुसतं विधीपुरतं नव्हे. बजाजींचा मुलगा महादजी याला शिवाजी महाराजांनी आपली मुलगी सखूबाई दिली. परत आलेल्या माणसाच्या पंगतीला बसायला लोक कां-कूं करत असतील, तर राजाने त्याच्या घरी लेकच देऊन टाकली. या निर्णयाचं मोल आजही पुरेसं ओळखलं जात नाही, असं मला मनापासून वाटतं. एकूण हिशेब मांडला तर शिवाजी महाराजांची आजी निंबाळकर, पहिली राणी निंबाळकर आणि जावई निंबाळकर.

तरीही बजाजी आणि त्यांचे वडील मुधोजी ही मंडळी आदिलशाहीची सरदार होतीच. स्वराज्याशी सोयरीक आणि विजापूरशी चाकरी, असं दोन्ही त्यांच्या घरात एकाच वेळी चालत होतं. बीडला आलेली फांदी याच झाडाची. तिने फक्त धनी बदलला.

औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरजवळ भिंगारला वारला आणि दख्खनेत दोन प्रश्न एकदमच उभे राहिले. छत्रपती कोण, शाहू की ताराबाई? नि चौथाई-सरदेशमुखी वसूल कुणी करायची? सरदारांनी आपापली बाजू निवडली आणि काहींनी दोनदा निवडली. हैबतराव निंबाळकर शाहू महाराजांचे सरलष्कर होते. त्यांच्यानंतर ते पद सुलतानजींकडे आलं. रंभाजी निंबाळकर मात्र त्याआधीच मोगलांकडे आणि पुढे निजामाकडे गेले होते. 'रावरंभा' हा त्यांचा किताब. सेनापती धनाजी जाधवांचे चिरंजीव चंद्रसेन जाधवही १७११ पासून त्याच बाजूला होते.

१७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर निजामुल्मुल्कने दख्खनेत आपलं राज्य उभं केलं, ते अशा मातब्बर मराठा सरदारांना हाताशी धरूनच. त्याची युक्ती साधी होती. चौथाई द्यायची कुणाला, शाहूला की कोल्हापूरच्या संभाजीला, हे आधी ठरू द्या, तोवर वसुली थांबवतो, असं त्याने १७२७ मध्ये जाहीर केलं. थोरल्या घरात फूट आहे, हे त्याने बरोबर हेरलं होतं. त्याच धामधुमीत शाहूंचे सरलष्कर सुलतानजी निंबाळकर निजामाला मिळाले. आपल्या फौजेचा प्रमुख अधिकारी शत्रूच्या छावणीत जावा, याहून मोठा धक्का कोणता? पुढच्या फेब्रुवारीत बाजीरावाने पालखेडला निजामाला कोंडीत धरलं आणि ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला. मुंगी हे गाव गोदाकाठी, पैठणच्या समोरच्या बाजूला, बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेपासून फार दूर नाही. तहात निजामाने शाहूंचा हक्क मान्य केला, पण निंबाळकरांची बीडकडची जहागीर निजामाच्याच छत्राखाली राहिली. मराठवाड्याचा नकाशा पुढची सव्वादोनशे वर्षं कसा राहणार, हे ज्या काळात ठरत गेलं, त्याची ही एक पायरी.

असं घडलं म्हणून सुलतानजींना फितूर म्हणून मोकळं व्हावं का? आपल्याकडे तशी सवय आहे. पण त्या काळच्या सरदाराला घोडेस्वारांचा पगार, घोड्यांची वैरण, पागा आणि कारकून हे सगळं वतनाच्या उत्पन्नातून चालवावं लागे. जहागीर हातची गेली की फौज उडाली आणि फौज उडाली की घराणं बसलं. आणि हा काही दख्खनचाच रिवाज नव्हता. त्याच शतकात, १७४६ साली, स्कॉटलंडमधल्या कलोडनच्या लढाईत चिझम घराण्याचा एक मुलगा बंडखोर राजपुत्राच्या बाजूने आपल्या लोकांना घेऊन लढला आणि मारला गेला. त्याचे दोन सख्खे भाऊ समोरच्या सरकारी फौजेत कप्तान होते. मराठ्यांचा पहिला मोठा इंग्रजी इतिहास लिहिणारा जेम्स ग्रँट डफ हाही स्कॉटलंडातल्या बॅन्फ गावचा. १८१८ नंतर तो साताऱ्यात इंग्रजांचा प्रतिनिधी होता आणि त्याचा ग्रंथ १८२६ मध्ये निघाला. जुन्या मराठा घराण्यांची माहिती त्याने निगुतीने नोंदवली, त्यांत फलटणचे निंबाळकर आहेत आणि रावरंभाही.

बीड सोडण्याआधी दोन ठिकाणं उरकली. कंकालेश्वर, चौकोनी तळ्याच्या मधोमध उभं असलेलं यादवांच्याही आधीच्या वळणाचं देऊळ, आणि शहराच्या दक्षिणेची खजाना विहीर. ही विहीर अहमदनगरच्या निजामशाहीत, १५८२ मध्ये सलाबतखानाने बांधून घेतली. आखणी राजा भास्कर यांची. जमिनीखालच्या कालव्यांनी तिचं पाणी खालच्या शेतांना जातं. बीडसारख्या दुष्काळी मुलखात चारशेहून अधिक वर्षं चालणारी ही व्यवस्था पाहायला स्वतंत्र दिवस काढायला हवा. निंबाळकरांशी तिचा संबंध नाही, म्हणून इथे तेवढंच.

मांजरसुंब्याचा घाट चढला की बालाघाटाचं पठार लागतं. या दिवसांत रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या घेऊन बायका बसलेल्या असतात. इथल्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. डोळे उघडलेलं सीताफळ हातावर ठेवून त्या सांगतात, "हे आज खावा, ते परवाला." मांजरसुंब्याला धुळे-सोलापूर महामार्ग सोडून पश्चिमेला पाटोद्याकडे वळायचं. मांजरा नदी उगम पावते ती याच तालुक्यात. पुढे लातूर, बीदर करत ती गोदावरीला मिळते.

पाटोद्याच्या अलीकडे एका फाट्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग थांबली होती. वर ताडपत्री, भांडी, पत्र्याच्या पेट्या, एका ट्रॉलीत शेळी, दुसरीत कोंबड्यांचा डालगा, आणि सगळ्यांच्या मधे पोरं. ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या होत्या. मुकादमाकडून उचल घेतलेली, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवाळीच्या आसपास निघायचं आणि कारखान्याचा पट्टा पडला की उन्हाळ्यात परतायचं. सांगली, कोल्हापूर, पुणे, कर्नाटक, जिथे ऊस तिथे. एका बाईला विचारलं, "ताई, यंदा कुणीकडं?" तिने मांडीवरच्या पोराचं डोकं झाकत कारखान्याचं नाव सांगितलं. तो कारखाना फलटणच्याच बाजूचा निघाला. सुलतानजींच्या पागेतले शिलेदार याच गावांतून भरती होत असतील, असं तिथे उभं असताना मनात आलं. धनी कोण, यापेक्षा चारा-पाणी कुठे मिळेल, हा सवाल या कोरड्या पठारावर तेव्हाही मोठा असणार. बीडच्या ऊसतोड कामगारांच्या वाट्याला आज आलेलं जिणं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि तो लिहिल्याशिवाय राहू नये इतका तातडीचा. पण सरदारांच्या निष्ठेबद्दल निवाडा देताना त्यांच्यामागून चालणाऱ्या माणसांची भाकर मोजली पाहिजे, हे या फाट्यावर जितकं लख्ख कळतं, तितकं ग्रंथालयात कळत नाही.

पाटोदा मागे टाकलं की सौताड्याला विंचरणा नदी एकदम दरीत कोसळते. पावसाळ्यात हा रामेश्वरचा धबधबा पाहायला गर्दी होते. आम्हाला धारेची जाडी कमी झालेली दिसली, पण कड्याची उंची पाहून पठार इथे कसं तुटतं ते उमगलं. इथून जामखेड जवळच. जिल्हा बदलतो, मुलूख बदलत नाही. जामखेडहून आग्नेयेला खर्डा.

खर्ड्याचा किल्ला गावालगत, सपाटीवर आहे. चौकोनी भुईकोट, कोपऱ्यांना बुरूज, पंचवीस-तीस फूट उंचीचा घडीव दगडांचा तट. तो निंबाळकरांनी १७४३ मध्ये बांधला. तटाला हात लावून चालत गेलो. दगड इतका नीट घडवलाय की दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात नख शिरत नाही. काही ठिकाणी मात्र पिंपळाने सांधा शोधला आहे आणि मूळ रोवून आख्खा चिरा बाहेर ढकलला आहे. आत विहीर आहे, मशीद आहे. निजामाच्या जहागीरदाराच्या किल्ल्यात मशीद असणं त्या काळात कुणाला वावगं वाटलं नसेल. बीडला खंडोबाचं देऊळ आणि इथे मशीद, दोन्ही एकाच आडनावाच्या छायेत. गावात निंबाळकरांचा जुना वाडा होता. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटिअरनेही त्याची देखणी हवेली म्हणून दखल घेतली आहे.

या किल्ल्याने आपल्या मालकांपेक्षा मोठा दिवस पाहिला तो ११ मार्च १७९५ रोजी. चौथाईच्या थकबाकीवरून पुणे आणि हैदराबाद समोरासमोर आलं होतं. पेशवे सवाई माधवरावांच्या नावाने, नाना फडणीसांच्या आखणीने आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या सेनापतित्वाखाली शिंदे, होळकर, भोसले असे सगळे एका ठिकाणी आले. मराठा सरदारांची अशी एकजूट त्यानंतर पुन्हा दिसली नाही. समोर निजामअलीची फौज मोहरीचा घाट उतरून आली होती. तिच्यात फ्रेंच सरदार रेमाँची कवायती पलटणं होती, तर शिंद्यांकडे पेराँची.

दिवसाच्या लढाईत दोन्हीकडची माणसं फारशी पडली नव्हती. खरा निकाल लागला तो रात्री. ग्रँट डफने नोंदवलंय की मराठ्यांची एक लहानशी तुकडी घोड्यांना पाणी शोधत एका ओढ्याकडे गेली, तिथे निजामाच्या चौकीशी तिची गाठ पडली आणि गोळीबार झाला. अंधारात निजामाच्या छावणीत एकच हलकल्लोळ उडाला. कुणी कुणावर गोळ्या झाडतंय ते कळेना, बाजारबुणगे सामान टाकून पळू लागले, आपल्याच लोकांनी आपलंच सामान लुटलं. चंद्र उगवल्यावर निजामअलीने माघार घेतली आणि सकाळी तो या भिंतींच्या आत सापडला. मराठ्यांनी वेढा घातला. बाहेरचं पाणी त्यांच्या हातात, आत दाणा-वैरणीची टंचाई. दोन दिवसांत निजाम बोलणी करायला तयार झाला. दौलताबादचा किल्ला, परांड्यापासून तापीपर्यंतचा मुलूख आणि मोठी रक्कम देण्याचं त्याने कबूल केलं. आपला दिवाण मुशीरुल्मुल्क यालाही स्वाधीन केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले, पुण्यात गादीचा घोळ सुरू झाला आणि जिंकलेलं बरंचसं हातून निसटलं.

तटावर उभं राहून एक गोष्ट लक्षात येते. सुलतानजींच्या घराण्याने निजामाच्या चाकरीत एवढा बळकट किल्ला बांधला, तो निजामाला संकटात आसरा द्यायलाच. ५२ वर्षांनी त्याने अगदी तेच केलं. आणि आसरा म्हणजे कोंडवाडा कसा होतो तेही दाखवलं. आज किल्ल्याजवळ ७४ मीटर उंचीचा स्वराज्य ध्वज फडकतो. २०२१ च्या दसऱ्याला तो उभारला गेला. १७९५ च्या विजयाची आठवण म्हणून ते योग्यच आहे. पण त्या ध्वजाखाली सेल्फी काढणाऱ्या पोरांना, हा किल्ला बांधणारा निजामाचा मराठा जहागीरदार होता, हेही कुणीतरी सांगायला पाहिजे. दोन पोरांना मी सांगितलं. एकाने विचारलं, "म्हणजे तो आपलाच होता का त्यांचा?" मी म्हटलं, "दोन्ही." त्याला ते पटलं नाही. पण तो तटाकडे पुन्हा पाहायला गेला.

खर्ड्याहून करमाळ्याला निघालं की रावरंभांच्या मुलखात शिरतो. पुण्याकडच्या आपल्या जहागिरीच्या बदल्यात रंभाजी निंबाळकरांकडे करमाळ्याचा मुलूख आला. आजच्या पुण्याच्या इतिहासात त्यांचं नाव कुणी घेत नाही, पण बाजीरावाने शनिवारवाडा बांधण्याआधी पुणे परगण्यावर निजामाच्या बाजूने हक्क सांगणारे हेच होते. करमाळ्याचा किल्ला रंभाजींनी सुरू केला आणि मुलगा जानोजी याने पुरा केला. गावाबाहेर कमलाभवानीचं मंदिर आहे, १७२७ चं. म्हणजे बीडकडच्या सुलतानजींनी धनी बदलला त्याच वर्षीचं.

मंदिराची गोपुरं दाक्षिणात्य वळणाची, मंडप मराठी धाटणीचा. हैदराबादच्या दरबारात वावरणाऱ्या घराण्याच्या डोळ्यांत दक्षिणेची देवळं भरलेली असणार. ९६ हा आकडा इथे सगळीकडे कानावर पडतो. खांब ९६, ओवऱ्या ९६, विहिरीच्या पायऱ्या ९६. पुजारी ते अभिमानाने मोजून दाखवतात आणि मोजताना ९६ कुळी मराठ्यांची आठवण काढतात. विहिरीत उतरलो. शेवटच्या पायऱ्या हिरव्या शेवाळाखाली होत्या, तिथून मागे फिरलो. वर आल्यावर पुजाऱ्यांना विचारलं, "गुरुजी, रावरंभा निजामाकडे होते ना?" ते म्हणाले, "होते. पण देवी तुळजापूरचीच आणली." हे उत्तर मला बीडच्या मावशींच्या उत्तराइतकंच आवडलं.

रावरंभा हा किताब पुढे हैदराबादेत पिढ्यानपिढ्या चालला. या घराण्याची आणखी एक फांदी कर्नाटकाच्या सीमेवर निपाणीला होती. तिथले सिद्धोजीराव निंबाळकर, म्हणजे आप्पा देसाई निपाणकर, पेशवाईच्या अखेरीस नावाजलेले सरदार. सरलष्कर हा किताब त्यांच्याही नावापुढे होता. निपाणी आज तंबाखूच्या बाजारासाठी ओळखली जाते.

फलटण, बीड, खर्डा, करमाळा. एका आडनावाखालचा हा पट्टा वेगवेगळ्या राजांच्या नकाशांत विभागून राहिला तो १९४८ पर्यंत. त्या वर्षी ८ मार्चला फलटण संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. तेव्हाचे अधिपती मालोजीराव नाईक निंबाळकर पुढे मुंबई राज्याच्या मंत्रिमंडळातही बसले. सहा महिन्यांनी, १७ सप्टेंबरला, हैदराबाद संस्थान शरण आलं आणि बीड निजामाच्या अमलातून मुक्त झालं. पालखेडला बाजीरावाने जे पुरं केलं नाही, ते साध्या सत्याग्रहींनी, कॅम्पांतून बंदूक हाती धरलेल्या तरुणांनी आणि शेवटी भारतीय सैन्याने केलं. सुलतानजींचा आणि बजाजींचा मुलूख एका राज्यात यायला मात्र १९५६ उजाडावं लागलं. त्या वर्षी राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला.

त्याच १९४८ च्या डिसेंबरात पुण्याच्या मैदानावर आणखी एका निंबाळकरांनी नाव केलं, तलवारीविना. भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर, कोल्हापूरचे. रणजी करंडकाच्या सामन्यात महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध त्यांनी नाबाद ४४३ धावा काढल्या. ४९ चौकार, एक षटकार. कमल भांडारकरांबरोबर दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विश्वविक्रम नऊ धावांवर होता. महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६ झाली होती. काठेवाडचे कप्तान राजकोटचे ठाकूरसाहेब होते. त्यांनी डाव घोषित करा, नाहीतर आम्ही खेळत नाही, असा हट्ट धरला आणि संघ घेऊन ते निघून गेले. सामना तिथेच संपला. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये एका डावात चारशेच्या वर गेलेला भारतीय फलंदाज त्यानंतर आजवर झालेला नाही. तरीही भाऊसाहेबांना भारताकडून एकही अधिकृत कसोटी खेळायला मिळाली नाही. २०१२ च्या डिसेंबरात, वयाची ९३ वर्षं पुरी व्हायला एक दिवस असताना, कोल्हापुरात ते गेले. मला त्यांचा हा न झालेला विक्रम खर्ड्याच्या तहापेक्षाही जास्त चटका लावतो. खर्ड्याला निदान लढाई पुरी झाली होती.

आजच्या राजकारणातही हे आडनाव ऐकू येतं. फलटणचे रामराजे नाईक निंबाळकर विधान परिषदेचे सभापती होते, आणि बीडच्या शेजारच्या धाराशिवमधून ओमराजे निंबाळकर लोकसभेवर गेले. एकाच आडनावाची माणसं आजही वेगवेगळ्या पक्षांच्या झेंड्यांखाली उभी राहतात, त्यात नवं काही नाही.

ही वाट करायची असेल तर बीडची टेकडी सकाळी लवकर चढावी, उन्हाच्या आधी. दीपमाळांवरच्या कोरीव आकृती तिरप्या उजेडात स्पष्ट दिसतात. बीडहून मांजरसुंबा, पाटोदा, सौताडा, जामखेडमार्गे खर्डा एका दिवसात आरामात होतो. पावसाळ्यात गेलात तर सौताड्याला दोन तास जादा धरा. खर्ड्यात तट बाहेरून चालून पुरा करा आणि मगच आत जा. पिंपळाने ढकललेले चिरे तेव्हाच दिसतात, आणि ते कुणीतरी लवकर पाहून पुरातत्त्व खात्याला कळवलेलं बरं. करमाळ्याला मुक्काम करून सकाळी कमलाभवानी. नवरात्रात जायचं तर गर्दीची तयारी ठेवावी. आणि विहिरीच्या शेवटच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, लहान मुलांचा हात धरा.